धुतलं जी तुमी!

नाकाडोंगरी म्हटलं की भंडाऱ्यातलेसुद्धा काही जण विचारतात, "तुमसरच्या पलीकडे ना?" हो, तुमसरच्या पलीकडे. मध्य प्रदेशाला खांदा लावून बसलेलं गाव. भोवती जंगल, शेजारी डोंगरी बुजुर्गची मॅंगनीजची खाण, आणि तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारी, आपल्याच विचारात चाललेली रेल्वे. इथून मी तीसेक वर्षं एका दैनिकाचा वार्ताहर होतो. मानधन किती, हे सांगताना अजूनही आवाज आपोआप बारीक होतो. बातमीचं पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचं, दोन दिवसांनी ती छापून आली की आपण मुंबई हलवली असं समजायचं आणि पानठेल्यावर उगाच दहा मिनिटं जास्त उभं राहायचं.

मुंबई खरोखर हलवणारा माणूस माझ्या डोक्यात शाळेतच शिरला होता. प्रल्हाद केशव अत्रे. शाळेच्या कपाटात 'कऱ्हेचे पाणी'चा एकच भाग होता, तोही पाठ उसवलेला. तो वाचून मी ठरवलं की आपणही असंच व्हायचं. कसं? तर शिक्षक, विडंबनकार, नाटककार, सिनेमावाले, संपादक, आमदार आणि मेलेल्या माणसाला चार कॉलमांत पुन्हा उठवून बसवणारे, सगळंच. किती झालो ते उघड आहे. पण भांडखोर पत्रकारापासून पुढाऱ्याच्या चरित्रकारापर्यंतची वाट मीही चाललो. ते मोटारीतून, मी सायकलवरून. त्या वाटेवर पायात जे रुतलं, ते इथे काढून ठेवतो आहे.

१. शिवी देण्यात गंमत असते, आणि ती वाचणाऱ्याहून लिहिणाऱ्याला जास्त येते. हे कबूल करायला मला पन्नाशी गाठावी लागली. अत्र्यांनी 'मराठा' दैनिक काढलं ते १५ नोव्हेंबर १९५६ रोजी, संयुक्त महाराष्ट्राचं रान पेटलेलं असताना. त्यांच्या शिवीमागे लाखोंच्या सभा होत्या, गोळीबारात पडलेली माणसं होती, मुंबई महाराष्ट्राला मिळाली पाहिजे ही एक सरळ मागणी होती. १ मे १९६० ला ती पुरी झाली. माझ्या शिवीमागे एक मालगुजारी तलाव होता. आमचा जिल्हा तळ्यांचा. त्यातल्या एका तळ्याचं खोलीकरण कागदावर झालं, जमिनीवर झालं नाही, अशी बातमी मला मिळाली. एका पुढाऱ्याचं नाव त्यात होतं. 'तळं राखी तो पाणी चाखी' एवढ्यावर मी थांबलो नाही; पुढाऱ्याच्या पोटाच्या घेराची तळ्याच्या घेराशी तुलना केली. रात्री स्वतःशीच हसत झोपलो. त्या बातमीतलं मला आज फक्त पोट आठवतं. तळ्याचे आकडे आठवत नाहीत. यावरून माझं लक्ष कशाकडे होतं ते कळावं.

२. ज्याला आपण झोडपतो तोच आपला सर्वांत बारकाईनं वाचणारा वाचक असतो. बाकीचे मथळा बघतात, फोटो बघतात आणि भाजीकडे वळतात. तळ्याच्या बातमीनंतर चारेक महिन्यांनी एका लग्नात ते पुढारी समोरून आले. मी मांडवाच्या मागच्या वाटेचा अंदाज घेतला. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि चार लोकांत मोठ्यानं म्हणाले, "भाऊ, खूब धुतलं जी तुमी!" लोक हसले, मीही हसलो. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पण तो तरा तुमी लिवला त्या गावचा नोहे. बाजूच्या गावचा हाय." तरा म्हणजे तळं. मी गार. कारण ते खरं होतं. मी तळ्यावर गेलोच नव्हतो. माहिती त्यांच्या विरोधकानं दिली, चहासुद्धा त्यानंच पाजला, आणि मी गावाचं नाव त्याच्या तोंडून ऐकून लिहिलं. घोटाळा खरा होता, तळं चुकीचं होतं. मारायला येणाऱ्या माणसाची तयारी मी ठेवली होती. चूक दुरुस्त करायला येणाऱ्याची नव्हती.

३. एकदा नाव झालं की लोक लिहिण्याकडे बघायचं सोडून लिहिणाऱ्याकडे बघू लागतात. अत्रे मुळात पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेचे मुख्याध्यापक. 'झेंडूची फुले'तून त्यांनी कवींची टिंगल केली, १९३३ साली 'साष्टांग नमस्कार' नाटकानं लोकांना खुर्चीत लोळवलं, १९३८ च्या 'ब्रह्मचारी' सिनेमाची कथा लिहिली, १९४० ला 'नवयुग' साप्ताहिक काढलं, १९४२ ला नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 'मराठा' निघाला तेव्हा त्यांच्या सभेला येणारा माणूस निम्मा संयुक्त महाराष्ट्रासाठी आणि निम्मा अत्र्यांसाठी येत असणार. 'गेल्या दहा हजार वर्षांत' असं म्हणायची त्यांची खोड तर एवढी प्रसिद्ध झाली की लोक ती ऐकायलाच बसायचे. मला पूर्वी याचा हेवा वाटायचा. आता वाटतं, खोड लोकांना आवडू लागली की ती आपली राहत नाही, आपण तिचे होतो.

माझं म्हणाल, तर तालुक्यापुरतं माझं नाव 'धुणारे' असं पडलं. धोब्यासारखं. शाळेच्या स्नेहसंमेलनाला बोलावलं तरी मुख्याध्यापक कानात सांगायचे, "थोडं धुवा कुणाला तरी, पोरं वाट पाहून राहिली आहेत." एकदा धुवायला कुणी सापडेना, तर मी गावाच्या गटारावर बोललो. नंतर नंतर ही सवय व्यासपीठाबाहेरही आली. एका लग्नाच्या पंगतीत मी वरणाच्या पातळपणावर असं काही भाष्य केलं की यजमानांनी पुढच्या कार्याला मला बोलावलंच नाही. ते वरण मी अजून विसरलेलो नाही, हा माझ्या पत्रकारितेचा उरलेला अवशेष.

४. शिवी आणि श्रद्धांजली एकाच दौतीतून निघतात. संयुक्त महाराष्ट्राच्या काळात अत्र्यांनी पंडित नेहरूंवर काय काय लिहिलं ते ज्यांनी वाचलं, त्यांना पुढचं वाचून धक्का बसतो. ३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीनं काळी निशाणं दाखवली. त्या समितीच्या तोफांमध्ये अत्र्यांची तोफ सर्वांत मोठी. आणि २७ मे १९६४ ला नेहरू गेल्यावर याच माणसानं 'मराठा'त दिवसामागून दिवस लेख लिहिले. ते 'सूर्यास्त' नावानं पुस्तकात आले. तरुणपणी मला हा दुटप्पीपणा वाटला होता. आता तसं वाटत नाही. ज्याच्याशी इतकी वर्षं भांडलो त्याचा चेहरा, चाल, आवाज आपल्याला पाठ झालेला असतो. भांडण हीसुद्धा एक प्रकारची सोबत असते. सोबतीचा माणूस उठून गेला की जागा रिकामी दिसणारच.

मात्र इतकी सोबत न करता श्रद्धांजल्या लिहिणारेही असतात. उदाहरणार्थ, मी. माझ्याकडे एक ठरलेला मृत्युलेख होता. नाव, गाव आणि वय बदललं की कुणालाही बसायचा. एकदा घाईत नाव बदललं, पण आधीच्या मृताचं 'पंढरीची वारी कधी चुकवली नाही' हे वाक्य तसंच राहिलं. दुसरे गेलेले गृहस्थ आयुष्यभर देव न मानणारे. त्यांचा मुलगा वर्षभरानं भेटला. रागावला नाही. एवढंच म्हणाला, "बाबा मेल्यावर वारकरी झाले, तुमची कृपा."

५. माणसाबद्दल जवळून लिहावं की लांबून, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. न. चिं. केळकर टिळकांकडे आले १८९६ साली. टिळकांचं इंग्रजी 'मराठा' त्यांनी सांभाळलं, 'केसरी' सांभाळला. १९२० ला टिळक गेल्यावर त्यांनी टिळकांचं तीन खंडांचं चरित्र लिहिलं. इतक्या जवळून लिहिणाऱ्याला सगळं माहीत असतं, आणि सगळं माहीत असणाऱ्याला काय सोडायचं हेही माहीत असतं. दुसऱ्या टोकाला धनंजय कीर. रत्नागिरीचे, मुंबई महापालिकेत नोकरी करणारे. ना संपादक, ना पुढारी, ना सभेचा माणूस. त्यांनी नोकरी सांभाळून सावरकरांचं चरित्र १९५० साली आणि आंबेडकरांचं १९५४ साली इंग्रजीत लिहून काढलं, दोन्ही नायक हयात असताना. मग टिळक, फुले, गांधी, शाहू महाराज. १९७१ ला पद्मभूषण मिळालं तेव्हाही त्यांच्याभोवती गर्दी नव्हती. असलीच तर कागदांची.

अत्रे या दोघांतही बसत नाहीत. त्यांनी माणसांवर लिहिलं ते जवळून नाही की लांबून नाही, बरोबरीनं लिहिलं. त्यामुळे त्यांनी काढलेल्या प्रत्येक चित्रात दोन चेहरे दिसतात, एक ज्याचं चित्र आहे त्याचा, दुसरा काढणाऱ्याचा. शेवटी त्यांनी स्वतःचंच चरित्र 'कऱ्हेचे पाणी'त भागामागून भाग लिहायला घेतलं, आणि १३ जून १९६९ ला ते गेले तेव्हाही ते संपलं नव्हतं. मला यात आता गंमत वाटते आणि थोडी भीतीही. दुसऱ्यांवर लिहिता लिहिता आपण कुणाचं चरित्र लिहून राहिलो आहोत, हे लिहिणाऱ्याला सर्वांत शेवटी कळतं.

६. वार्ताहर निकाल लिहितो आणि झोपतो; चरित्रकाराला निकालानंतर जागं राहावं लागतं. भंडाऱ्याच्या माणसाला हे सांगायला नको. १९५४ सालच्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आमच्या भंडाऱ्यातून उभे राहिले आणि पडले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. तेव्हा मतदारसंघ दोन जागांचा होता. सर्वसाधारण जागा अशोक मेहतांनी जिंकली. म्हणजे ज्या माणसानं देशाच्या घटनेच्या मसुद्याचं काम पाहिलं, त्याला आम्ही लोकसभेत पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या वार्ताहराला हीच बातमी होती, 'आंबेडकर पराभूत', आणि ती अक्षर न् अक्षर खरी होती. पण त्याच वर्षी कीरांचं पुस्तक बाजारात आलं. अडीच वर्षं जात नाहीत तोच १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि आमच्याकडून माणसं मिळेल त्या वाहनानं, नाहीतर पायी निघाली. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. 'मराठा' सुरू होऊन तेव्हा तीनच आठवडे झाले होते. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर त्या अफाट गर्दीपुढे बोलायला उभे राहिलेल्यांत अत्रे होते.

वार्ताहर झाल्यावर मी आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना विचारत फिरलो, "चोपन साली मत कोनाले देलं जी?" प्रत्येकानं एकच उत्तर दिलं. सगळ्यांनी बाबासाहेबांनाच दिलं होतं. एकाही माणसानं दुसरं नाव घेतलं नाही. एवढी मतं खरंच पडली असती तर इतिहास वेगळा झाला असता. आधी मला हसू आलं. मग वाटलं, ही माणसं खोटं बोलत नाहीत. आपण काय करायला हवं होतं ते सांगून राहिली आहेत. आठवणीला मतपत्रिका दुसऱ्यांदा मिळते. चरित्र लिहायला बसलेल्या माणसानं ही गोष्ट गाठीला बांधून ठेवावी. मी बांधली नाही, म्हणून पुढचं घडलं.

७. आपलं चरित्र वाचणारा प्रत्येक नायक शेवटी म्हणतो, तो मी नव्हेच. अत्र्यांचं त्या नावाचं नाटक ऑक्टोबर १९६२ ला दिल्लीत पहिल्यांदा झालं. माधव काझी नावाच्या ठकाचा खटला त्यामागे होता. नावं बदलून, वेश बदलून, बायकांना फसवत फिरणारा माणूस; अत्र्यांनी त्याचा निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे केला, प्रभाकर पणशीकरांनी तो उभा केला, आणि फिरत्या रंगमंचावर तो इतका रंगला की महाराष्ट्र अजून त्यातून बाहेर आलेला नाही. साक्षीदार येतात, ओळख पटवतात, आणि आरोपी शांतपणे नाही म्हणतो. मला वाटायचं हे ठकाचं नाटक आहे. पुढे कळलं, हे चरित्रलेखनाचंही नाटक आहे.

कारण तळ्यावाल्या पुढाऱ्यांची एकसष्टी आली आणि त्यांनी माझ्याकडे माणूस पाठवला. पुस्तक लिहायचं आहे. मी विचारलं, "मीच कशाला?" तर निरोप आला, "माझ्यावर एवढं दुसऱ्या कोनी वाचलंच नाई." बोलणं खरं होतं. त्यांच्या कात्रणांची फाईल त्यांच्या कार्यकर्त्यांकडे नव्हती, माझ्याकडे होती. मग रोज संध्याकाळी त्यांच्या छपरीत मी वाचायचो आणि ते सुपारी कातरत ऐकायचे. दर दोन पानांनी हात वर. "हे असं नोहे." मी त्यांच्यावर केलेले आरोप ते नाकारतील अशी माझी समजूत. तर ते चांगल्या गोष्टीही नाकारत होते. पुरात एका म्हातारीला पाठीवर घेऊन नाला ओलांडल्याची गोष्ट मला तिच्याच घरच्यांनी सांगितली होती. हे म्हणाले, "तो मी नोहे. माझा भाऊ होता. पण राहू द्या, भावाले आता कोन विचारते." खोटं नाकारणारा नायक मी समजू शकत होतो. दुसऱ्याचं खरं आपल्या नावावर राहू देणारा नायक समोर बसला, तेव्हा लेखणी कुठे ठेवावी कळेना. ठेवली खिशात. पुराची गोष्ट राहिली.

८. पैसे घेतले की विशेषणं न बोलावता येतात. अर्धी रक्कम आगाऊ मिळाली त्या रात्री मी लिहायला बसलो तर पहिल्याच ओळीत 'कार्यसम्राट' येऊन बसला. त्याला उठवला तर 'विकासपुरुष' आला. पोट दिसेनासं झालं. त्या जागी 'भारदस्त व्यक्तिमत्त्व' आलं. तळ्याची तुलना गेली आणि 'जलसंधारणाचा ध्यास' आला. कुणी मला असं लिही म्हणून सांगितलं नव्हतं, हे लक्षात घ्या. ज्या माणसावर शिव्यांचा पाऊस पाडताना मला कुणाची भीती वाटली नाही, त्याच्यावर एक साधं विधान करताना माझा हात अडखळू लागला.

अत्र्यांची स्तुतीही काही कमी भडक नसायची. दहा हजार वर्षांची मोजपट्टी ते कौतुकालाही लावत. पण फरक असा की कागद त्यांचा होता. 'मराठा' त्यांचा, 'नवयुग' त्यांचा, फसलं तर नुकसान त्यांचं. आज ज्याला शिव्या दिल्या त्याला उद्या मिठी मारली तरी ते दोन्ही त्यांच्याच खात्यावर चढायचं. माझी शिवी दैनिकाच्या कागदावर होती आणि स्तुती पुढाऱ्याच्या. माझं स्वतःचं असं काय होतं, तर बॉलपेन. तोही एका खतकंपनीनं वाटलेला.

९. माणसाला कशाची लाज वाटते, हे आपल्याला बाहेरून कधीच ओळखता येत नाही. तळ्याचं प्रकरण मी पुस्तकात घातलं होतं. थोडी धार बोथट करून, पण घातलं होतं. एवढी इज्जत मला ठेवायची होती. ते प्रकरण वाचताना माझा घसा कोरडा पडला. त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, "राहू द्या. आरोपाशिवाय पुढारी शोभत नाई. पुस्तकाले वजन येते." मी सुटलो. हीच ती बातमी, जिच्यासाठी मी स्वतःला मोठा शूर समजत आलो होतो, आणि त्यांना ती दागिन्यासारखी हवी होती.

मग आम्ही मागे गेलो, पहिल्या प्रकरणाकडे. बालपण. तिथे त्यांच्या आईविषयी एक वाक्य होतं. ती मॅंगनीजच्या खाणीवर मजूर होती, हे त्यात आलं होतं. आमच्या भागात ही काही बातमी नव्हे. इथल्या खाणींतलं काळं खनिज बॅटरीच्या सेलपर्यंत जातं, आणि त्याआधी ते कित्येक घरांच्या हातांवरून जातं. ते हाताला असं बसतं की धुऊन निघत नाही. मला ते वाक्य सगळ्या पुस्तकातलं चांगलं वाटत होतं. तिथे एकही विशेषण नव्हतं. त्यांनी कातरणं थांबवलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हा काढा." मी म्हटलं, "अहो, यानं तर तुमची उंची वाढते." ते म्हणाले, "माझी वाढते. तिची?" आणि उठून आत गेले.

तीस वर्षं मी त्यांचं दुखणं तळ्यात शोधत होतो.

१०. मी ते वाक्य काढलं. ही शिकवण नाही, कबुली आहे. पण तिला क्रमांक दिला नाही तर ती यादीतून पळून जाईल. काढताना मनात काय होतं ते आज नीट सांगता येत नाही. त्यांचा मान राखला असं म्हणावं, तर अर्धी रक्कम यायची होती हेही खरं. "तिची?" या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, हेही खरं. अत्रे असते तर काय करते, असा विचार मी केला. सानेगुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली आई अत्र्यांनी पडद्यावर आणली, आणि १९५४ साली पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्या सिनेमाला मिळालं. एका गरीब बाईच्या चुलीपुढे आख्खा महाराष्ट्र रडला. त्याच वर्षी त्यांचा 'महात्मा फुले' आला. म्हणजे आईच्या गरिबीची लाज वाटू नये, हे आम्हाला कधीचं शिकवून झालेलं आहे. पण ती श्यामची आई. आपल्या आईचं पान उघडलं की माणूस अजून छपरीतून उठून आत जातो. त्याला मी कोणत्या तोंडानं धुणार?

पुस्तक थाटात निघालं. गुळगुळीत कागद, आठ पानं रंगीत फोटो, शाल, श्रीफळ, माझाही सत्कार. बोलणाऱ्यांपैकी तिघांनी पुराच्या गोष्टीचा उल्लेख केला. नायकांनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. मंचाच्या एका कडेला त्यांचा भाऊ बसला होता. टाळ्या तोही वाजवत होता.

घरी आल्यावर आमच्या मंडळींनी पुस्तक चाळलं. तिचं माहेर खाणीकडचंच. माझं लिहिलेलं ती सहसा वाचत नाही, आणि तिचं बरोबर आहे. त्या रात्री मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या फोटोपर्यंत बोट फिरवत गेली, मग पुन्हा पहिल्या प्रकरणावर आली, आणि विचारलं, "आन त्याची माय कुटी हाय जी यात?" तिची आई आणि ती बाई एकाच मुकादमाच्या हाताखाली होत्या, हे मला बावीस वर्षांच्या संसारानंतर त्या रात्री कळलं. माणसं शोधत मी तालुका पालथा घातला होता. साक्षीदार स्वयंपाकघरात होता.

पुढारी आता नाहीत. मृत्युलेख मीच लिहिला, ठरलेला नव्हे, नवा. त्यातही ते वाक्य घातलं नाही; दिलेला शब्द होता. इथे त्यांचं नाव नाही, त्यांच्या आईचं नाही, कोणती खाण तेही नाही, आणि आमच्या भागात अशा आया घरटी एक निघतात. म्हणून आता लिहितो. पहिल्या प्रकरणात, तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी ते असं होतं:

माय खाणीवर टोपलं वाहायची. दुपारच्या सुट्टीत धावत घरी यायची, आणि काळा हात लेकराच्या अंगाला लागू नये म्हणून त्याला कोपरांवर तोलून दूध पाजायची.